बेरीज पाच

आता पेडलपासून इंजिनापर्यंत तार ओढलेली नसते.
पाय फक्त अर्ज करतो.
मंजूर करणारा डबा बॅटरीशेजारी बसलेला,
तो दोन साक्षीदारांना विचारतो:
झडप किती उघडली?
एकाचं व्होल्टेज चढतं, दुसऱ्याचं उतरतं,
बेरीज मात्र पाच.
बेरीज चुकली की डबा दोघांवरचाही विश्वास काढून घेतो.

ओटारची गाडी गोंबोरीच्या घाटात मान टाकते.
अमेरिकेतल्या लिलावातून आलेली,
दार एका रंगाचं, बॉनेट दुसऱ्या.
आत तीन प्रवासी, मागे द्राक्षांच्या पेट्या,
आणि ऐन चढावर पिवळा दिवा.
मग ताशी वीस. पाठीमागे पाववाला हॉर्नवर हात ठेवून.
किल्ली बंद करून पुन्हा फिरवली की शहाणी होते,
तेलावीपर्यंत तक्रार नाही.

दोनदा थ्रॉटल बदललाय त्यानं,
इथल्याच, रुस्तावीच्या बाजारातून.
जुना काढून जुना, मग त्याहून जुना.
"तिसरा आणू?"
बद्री गप्प.
त्याचा डावा कान गेलाय,
आणि ओटार डावीकडे उभा आहे.

पूर्वी बद्री लाकडी दांडा
एक टोक इंजिनाला, एक कानाला लावून ऐकायचा.
आता म्हणतो, "मारेखी, वाच,"
आणि मी स्क्रीन वाचते, मोठ्यानं, उजव्या बाजूनं.
कोड सांगतो: दोघांचं जुळत नाही.
खोटं कोण, ते सांगत नाही.

ओटार पेडल दाबतो, हळू.
"शून्य सहा, चार चार."
पाच.
"दोन एक, दोन नऊ."
पाच.
"तीन चार, एक सहा."
बद्री हसतो.
सपाट जमिनीवर सगळेच खरं बोलतात.

मग तो तारांचा जुडगा धरतो,
झोपलेल्याला बाहीला धरून हलवावं तसा हलवतो,
वीतभर, आणखी वीतभर,
हात बॅटरीच्या तबकाखाली जातो.
"तीन चार, एक सहा. तीन चार, एक सहा.
तीन चार,
शून्य!"

तबक काढलं.
कुणीतरी कधीतरी घातलेला एक लांब स्क्रू,
गरजेपेक्षा बोटभर लांब,
त्याच्या टोकाशी सोललेली तार, तांबं हिरवं पडलेलं.
चढावर इंजिन मागे रेलतं,
तार टोकाला टेकते,
साक्षीदार बोलत असतो, आणि त्याचा आवाज
बॉडीच्या पत्र्यात जिरून जातो.

"इतकंच?" ओटार विचारतो.
त्याचा चेहरा थोडा पडलाय,
एवढ्या त्रासाला निदान मोठं कारण हवं होतं.
वीतभर तार, डाग, काळी टेप,
स्क्रू आखूड.

डिकीतून काढून ठेवलेले दोन्ही थ्रॉटल
तो टेबलावर सोडून जातो. नको म्हणाला, बघवत नाहीत.
बद्री फडक्यानं पुसतो, उजेडाकडे धरतो,
आणि खडूनं दोघांवर लिहितो:
चांगला.
चांगला.