पुलाला काय काय कळतं

सिक्स्टेनने चौतीस वर्षं हा पूल उचलला,
मोटालाच्या खाली, कालव्याच्या दुसऱ्या वळणावर,
जिथे सरोवरावरून येणारा वारा
टोपी न विचारता नेतो.
आता तोच पूल मी लिहिते आहे.

पहिल्या दिवशी त्याला सांगितलं:
याच्याशी चारच गोष्टी बोलता येतील.
होडी आली. होडी गेली. वारा इतका. थांब.
पाचवी कुणी बोललं, तर कंपायलर उंबऱ्यावरच अडवेल,
काही चालू व्हायच्याही आधी.
"आणि शुभ सकाळ?" त्याने विचारलं.
मी हसले. तो हसला नाही.

मग कॉफी, दालचिनीचा पाव,
पावाच्या कागदावरच काढलेली माझी चित्रं:
पूल म्हणजे लोखंड नव्हे हो, वर्तन.
एका वेळी एकच संदेश हातात घ्यायचा
आणि तो संपवताना सांगायचं
की यापुढे मी कोण.
मिटलेला असताना होडी आली, तर यापुढे मी उघडणारा.
उघडणारा असताना आणखी एक आली,
तर तोच. आहे तसाच.
"हे बरंय," तो म्हणाला,
"आम्हाला कुणी विचारलं नाही कधी."

वाऱ्याचं मी वेगळं लिहिलं:
एक पातळ कवच, पुलाच्या अंगावर चढवलेलं.
येईल तो संदेश आधी त्याच्या कानाशी.
वारा असेल तर तेच निस्तरतं,
नसेल तर आत देतं, जसाच्या तसा.
आत उचलायचा पूल ठेवा, फिरायचा ठेवा,
त्याला सोयरसुतक नाही.
सिक्स्टेन बराच वेळ कपाच्या तळाकडे बघत राहिला.
"गुनवोर अशीच होती," म्हणाला. "फोन आधी ती घ्यायची."

"पूल वर असताना रुग्णवाहिका आली तर?"
पाचवा प्रकार वाढवला,
आणि कंपायलरने तत्काळ सहा जागा दाखवल्या
जिथे मी तिला विसरले होते.
वर असताना? बाजूला ठेवू, म्हटलं,
पाट टेकला की आलेल्या क्रमाने पुन्हा हातात.
"क्रमाने?"
एवढंच म्हणाला.
त्या रात्री दोनपर्यंत मी ते पुन्हा लिहिलं.

आणि मग नोव्हेंबरातली ती गोष्ट,
जी त्याने खिडकीकडे तोंड करून सांगितली:
मिटलेल्या पुलावर एक माणूस उभा होता.
होडी नव्हती. वारा नव्हता. हाक नव्हती.
"काहीच आलं नाही, ट्यूरा.
तेवढ्यानेच मी बाहेर गेलो."

काहीच न येणं, याचा प्रकार काय लिहायचा?
आहे तशी सोय. गजर लावायचा:
इतका वेळ कुणी बोललं नाही
तर पुलाने स्वतःलाच एक संदेश धाडायचा.
मी त्याला नाव दिलं: बाहेर बघ.
त्या माणसाचं पुढे काय झालं
हे मी विचारलं नाही,
त्यानेही सांगितलं नाही.

काल योर्माने कोड तपासला.
सगळं ठीक, लिहिलंय त्याने,
फक्त सातवा संदेश कुणीच पाठवत नाही,
आल्यास पूल नुसता उत्तर देतो
आणि आहे तसाच राहतो. काढून टाकावा.

शुभ सकाळ.

अजून काढलेला नाही.