काठ उसवून आलेला

बाळाचं नाव ठेवायचं होतं अजून,
म्हणून स्वॅबच्या चिठ्ठीवर लिहून आलं :
बेबी ऑफ दुर्गा हेडाऊ, चौतीस दिवस, तांडापेठ.
पहिली लस बेचाळिसाव्या दिवशी.
मधल्या आठ दिवसांत
कुणीतरी त्या घरात खोकलं.

मेडिकलच्या मागच्या बाजूला आमची लॅब.
एप्रिल. कूलरच्या टाटीला खसचा वास,
पाणी सकाळी साडेदहालाच संपतं.
कोळशाच्या काळ्या माध्यमावर
पाचव्या दिवसापर्यंत काही नाही.
सहाव्या दिवशी ताटली दिव्याखाली तिरपी धरली :
पाऱ्याचे थेंब, सुईच्या टोकाएवढे.
सुंदर म्हणणार होते, जीभ चावली.
वर तिसऱ्या मजल्यावर
ते बाळ खोकता खोकता निळं पडत होतं,
आणि आवाज काढायलाही
त्याच्यात श्वास उरत नव्हता.

पुढच्या तपासण्या केल्या.
विषाची खूण होती. झालरीची होती.
पर्टॅक्टिनची पट्टी मात्र कोरी.
दुसऱ्यांदा केली. कोरीच.

लटारूबाबा रोज खिडकीशी यायचे.
करवतकाठी विणलेले हात,
आता रिकामे, गजांवर ठेवलेले.
"काय निंगालं मॅडम?"

सांगितलं, डांग्या खोकल्याचाच जंतू आहे.
त्याच्या अंगावर खुणा असतात,
लस शरीराला त्या आधीच दाखवून ठेवते.
हा एक खूण टाकून आलाय.

बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
"म्हंजे काठ उसवून आला.
काठ पाह्यल्याबिगर लुगडं कोन ओळखते?"

मी एवढं सोपं कधी वाचलं नव्हतं.
म्हटलं, बाबा, आपल्या सरकारी सुईत
अख्खं लुगडं असतं,
काठ, पदर, अंगाचं सूत, गाठीसुद्धा.
म्हणून तर मांडी सुजते, रात्रभर ताप येतो.
न दुखणारी जी मिळते महागाची,
तिच्यात नुसते काठ, दोन-चार, कापून ठेवलेले.

"मंग पोट्ट्याले दुखणारीच देऊ," ते म्हणाले.

मला विचारायचंच होतं, घरात कोण खोकतं.
त्याआधीच त्यांना उबळ आली.
भिंतीकडे तोंड फिरवून, अदबीनं,
पाहुण्यांसमोर खोकावं तसं.
"मले तं चाळीस वर्सांपासून आहे जी,
सुताचा."

मागवाल्याचा खोकला
ऐकायचा कुणी असतो का?
मी काहीच बोलले नाही.
नवा स्वॅब फोडला,
चिठ्ठीवर लिहिलं :
लटारू हेडाऊ, एकाहत्तर वर्षं, तांडापेठ.

नाकात आतवर काडी गेली तेव्हा
डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.
काडीमुळे येतंच सगळ्यांच्या.

"बाबू घरी आला," त्यांनी विचारलं,
"तं मी कुठं निजू?"

गोळ्यांचे पाच दिवस होऊ द्या, म्हटलं.
त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजले,
ताण्याचे धागे मोजावेत तसे,
एक चुकला म्हणून परत पहिल्यापासून.