निरंक

आत्याला मुहर्रक दाखवायचं म्हणून
मी शनिवारची पाळी बदलून घेतली,
तर नेमका त्याच दिवशी पाऊस.

बस पुलावर आली तेव्हा समुद्र कुठे संपतो
ते दिसत नव्हतं.
उत्तरेकडून आलाय, आत्या म्हणाली,
खिडकीला नाक लावून.
एकतीस वर्षं दहिवडीच्या कचेरीमागे
ती पर्जन्यमापकात वाकून बघायची,
सकाळी साडेआठला,
आणि रजिस्टरात बहुतेक दिवशी एकच शब्द लिहायची:
निरंक.
अजून तिच्याइतका वळणदार तो शब्द कुणाला जमत नाही.

मोत्यांच्या व्यापाऱ्याचं घर बंद होतं.
पहारेकरी सुधाकरन दारात बादली घेऊन उभा.
छत गळतंय मॅडम, उद्या या.
पुढचं घर बंद. त्याच्या पुढचं तर
आतून कुणी ओ देईना.

तेव्हा आम्ही बाहेरूनच पाहिलं.
प्रवाळाच्या भिंती, भिजून गुळाच्या रंगाच्या झालेल्या.
वाऱ्यासाठी बांधलेला मनोरा,
त्याच्या चारही तोंडांतून आत जाणारं पाणी.
एक दार आत्यानं नखानं टोकरलं:
साग आहे. म्हणजे हा आपल्याकडून आला.
मी म्हटलं, मीही.
ती म्हणाली, तू विमानानं आलीस.

कोपऱ्यावर नगरपालिकेचा टँकर
रस्त्यावरचं तळं जाड पाइपनं ओढून घेत होता.
आत्या थबकली.
तिच्या तालुक्यात टँकर पाणी घेऊन येतो
आणि बायका हंडे घेऊन त्याच्यामागे पळतात.
छत्री मिटून, भिजत,
ती त्या पाइपाकडे बघत राहिली.
मी हाक मारली नाही.

मग तिला वरच्या लाकडी पन्हळी दिसल्या.
टोकाशी फुलं कोरलेली, प्रत्येक घराला वेगळी.
वर्षाला किती दिवस पडतो इथं?
तीन, फार तर पाच.
आणि एवढं कोरलंय?
तिनं दहा वेळा मान वर केली असेल त्यानंतर,
मानेचा पट्टा घरी विसरून आली होती तरी.

कडक चहा संपल्यावर तिनं कागदी कप
धुऊन ओट्यावर, उघड्यावर ठेवला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं.
समोरच्या घरातून एक म्हातारा
प्लास्टिकची खुर्ची घेऊन पाऊस बघायला बसला होता.
बू-राशिद. त्यानं कपाकडे बोट केलं:
कितना?
आत्या म्हणाली, थांबा. अर्धा तास तरी होऊ द्या.

माझं अरबी एक्स-रेच्या खोलीतलं.
सरळ उभे राहा. हलू नका. श्वास धरा. सोडा.
तेवढ्यावर बारा वर्षं निघाली.
बू-राशिद समुद्राच्या दिशेनं हात करून म्हणाला,
मेरा दादा, नीचे. बहुत नीचे.
मी विचारलं, श्वास धरा?
तो हसला. मग एकदम गंभीर झाला,
छाती भरली, गाल फुगवले, डोळे मिटले
आणि बोटं मोजू लागला.
पन्हळी वाहत होत्या.
एक मांजर खुर्चीखाली येऊन बसलं.
दुसऱ्या हाताची बोटंही संपली
आणि मला काही केल्या
सोडा म्हणायचं सुचेना.

शेवटी आत्याच म्हणाली, मराठीत:
पुरे हो. वय बघा.
त्यानं सोडला.

कप वर रुंद, खाली अरुंद,
म्हणून तिनं करंगळीनं माप घेऊन काहीतरी वजा केलं.
अकरा, ती म्हणाली. ग्यारह.
बू-राशिदनं घरात वळून कुणालातरी ओरडून सांगितलं
आणि आतून बायकांचा हसण्याचा आवाज आला.

परतीच्या बसमध्ये तिनं डायरी काढली.
मुहर्रकमधला ह कसा लिहितात, विचारलं.
मग तारीख, ठिकाण, ११ मि.मी., अंदाजे.
शेऱ्याच्या रकान्यात पेन जरा वेळ थांबलं:
घरे बंद. पन्हळी चालू.