हाताचं माप

पापाच्या तिकटीजवळ आमचं दुकान.
धार लावायचं चाक, पाण्याची बादली,
आणि भिंतीवर खिळ्याला अब्बांची वही.

मंगळवारी सुयोग मगदूम आला,
ताराबाई पार्कातल्या हॉटेलात मासे कापतो.
म्हणाला, "मूठ जपानी पद्धतीनं बांधून द्या,
शंकरपाळ्या दिसल्या पाहिजेत दोन्ही अंगांनी."
मी विचारलं, "फीत किती आणलीस?"
"पाच मीटरचं बंडल हाय. किती लागंल,
ते तुम्हीच सांगायचं की."

मूठ पाच इंच, घेर सव्वातीन.
पावतीच्या पाठीवर वेढे मांडले, गुणले,
मग फीत बोटाला गुंडाळून बघितली
आणि हिशोब खोडला.
दर शंकरपाळीला फीत कूस बदलते,
कूस बदलताना जवभर खाते,
ते पावतीवर कुठं लिहायचं?

वही काढली. कोंबडीच्या पायांचं अक्षर.
*गंगावेस, पट्ट्याची मूठ, अकरा हात.*
*सदू माने, कोयता, सात हात. उधार.*
*पाच इंची, उलटी-सुलटी वीण, पाच हात गाठीसकट.*
गाठीसकटच्या खाली दोन रेघा.

कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत
पाच वेळा मोजलं.
कापलं.

साखर कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरचे त्रिकोण
शंकरपाळीखाली भरत गेले, म्हणजे कणा उभा राहतो.
एका अंगाला फेब्रुवारी, दुसऱ्या अंगाला मार्च.
डावी फीत उजवीवर, मग उजवी डावीवर,
ताण सुटू नये म्हणून मधेच दातात.
नववी बसली.
दहावी आणि गाठ बाकी होती,
हातात फीत बाकी नव्हती.

मागच्या खोलीत अब्बा. उजवं अंग
गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून त्यांचं ऐकत नाही.
"अब्बा, तुमची वही खोटं बोलते."
त्यांनी मूठ बघितली. मग माझा हात बघितला.
मग डावा हात उचलून खाटेच्या माचव्यावर ठेवला,
कोपरात वाकवून, सुई टोचून घ्यायला ठेवावा तसा.

टेप लावली. एकोणीस इंच.
माझा साडेसोळा.
पाच हातांत साडेबारा इंचांचा फरक,
आणि मी ती वही इतकी वर्षं
माझ्याच हाताची समजून वाचत होते.

नवी फीत त्यांच्या हातावर मोजली.
एक, दोन, तीन, ते ओठांनी मोजत होते,
पाच झाले तरी हात काढेनात.
"आणखी चार बोटं घे," जड जिभेनं म्हणाले,
"तू सैल बांधतीस."
मला राग आला. चार बोटं घेतली.

गाठ बसली तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढी फीत उरली.
म्हणजे सैलच बांधते.

संध्याकाळी सुयोग मूठ वळवून वळवून बघत राहिला,
पैसे शुक्रवारी देतो म्हणाला.
वहीत लिहिलं:
*मगदूम, पाच इंची, पाच हात चार बोटं.
हात अब्बांचा, बोटं माझी. उधार.*
दिवा मालवायला उठले, परत बसले,
शेजारी इंचही लिहून ठेवले, अठ्ठ्याण्णव.
आधीची कमी पडलेली फीत बादलीपाशी पडली होती,
नऊ शंकरपाळ्यांच्या घड्या तशाच धरून.