प्रश्न चौथा, कोणतेही चार

नारायण पेठेतल्या एका कॉलेजच्या वाचनालयात
कण्हणाऱ्या पंख्याखाली आम्ही सहा जण पेपर तपासतो.
दोघे कायम, आम्ही चौघे तासिका तत्त्वावर.
एका पेपरमागे किती मिळतात ते विचारू नका.
अतिशयोक्तीच्या उलट जे काही असेल, ते.
त्याला संज्ञा आहे का?
आहे की, निकाळजे म्हणाले, मान वर न करता :
मानधन.

प्रश्न चौथा. अलंकार स्पष्ट करा. स्वतःचे उदाहरण द्या.
'स्वतःचे' हा शब्द कुणी वाचत नाही.
एकशे बारा उत्तरपत्रिकांत तोच चंद्र, तेच मुख,
त्याच कमळावर तोच भुंगा,
अप्पा बळवंत चौकातल्या एकाच गाईडमधून
उडत उडत आलेला, आता दमलेला.
मी बरोबरची खूण करते. दोन. दोन. दोन.
चहा येतो, सायीसकट निवतो.

मग एक पुरवणी. दोरा सैल,
घामाने की पाण्याने, शाई पसरलेली.

ससंदेह :
पहाटे पावणेचारला गाळ्यावर कांद्याच्या थप्पीआड
वाकलंय ते पोतं आहे, की पप्पा?

भ्रांतिमान :
पप्पा गेले त्याच्या तेराव्या दिवशी
दादा त्यांचा शर्ट घालून गल्लीत शिरला.
आमची चंपी शेपूट हलवत धावली.

मी पेन खाली ठेवलं.
वर्गात मीच शिकवते :
शंका टिकते तो ससंदेह,
शंका फिटून चूकच पक्की होते तो भ्रांतिमान.
पाठ करा, परीक्षेला हमखास येतं.
या दोन ओळींच्या मधल्या जागेत
एक माणूस जातो, एवढं सांगायचं राहिलं.

अनन्वय :
पप्पांचा खोकला पप्पांच्या खोकल्यासारखा.

बस, एवढंच. स्पष्टीकरण नाही.
(स्पष्टीकरणाला एक गुण होता.)

आणि शेवटचा, चेतनगुणोक्ती :
हातगाडी

पुढे कोरं. पूर्णविरामसुद्धा नाही.
घंटा झाली असेल, किंवा पर्यवेक्षकाने ओढून घेतली असेल,
किंवा, मला काय माहीत.

आठपैकी आठ दिले.
संध्याकाळी नियामक उपळेकरांनी नेमकी तीच काढली.
बाई, हे नमुना उत्तरात कुठे बसतं?
बसत नाही.
आणि हे काय? 'हातगाडी.' पुढे?
पुढे ती जात नाही, सर.
म्हणजे?
अडून बसलीय. ओढणारा नाही म्हणून.
सजीवासारखी वागली ना? मग तोच अलंकार.

उपळेकरांनी चष्मा काढला, पुसला,
पुसलेलाच पुन्हा पुसला.
मग लाल पेनाने आठाचे सात केले,
बाजूला सही, सहीखाली तारीख.
'नियम आहे हो,' ते म्हणाले,
आणि बराच वेळ ती पुरवणी गठ्ठ्यात परत ठेवली नाही.

स्वारगेटला बिबवेवाडीची बस मिळाली, खिडकीसुद्धा.
मार्केट यार्डाच्या भिंतीशी हातगाड्या रांगेने उभ्या,
दांडे आभाळाकडे.
मला लगेच 'जणू' सुचलं. सवयच ती, सोळा वर्षांची.
जणू काय, ते येऊ दिलं नाही.
दांडे होते. एकाला फडकं बांधलेलं,
हाताला घट्टे पडू नयेत म्हणून.
एवढं दिसलं. सिग्नल सुटला.

त्या मुलीचं, किंवा मुलाचं, नाव मला कळणार नाही.
आसनक्रमांकही मी मुद्दाम विसरले,
म्हणजे विसरायचा म्हणून
घरी येईपर्यंत घोकत राहिले.

याला विरोधाभास म्हणतात.
दोन गुण.