पिवळं लेबल

एकतीस वर्षं मी बेअरिंगं तपासली,
महापे, ए ब्लॉक, रात्रपाळ्या धरून.
केसाएवढा उंचवटा
बोटाला अजून कळतो.
आता बोटं रिकामी,
म्हणून संध्याकाळी सातला
घणसोलीच्या सुपरमार्केटात
काचेसमोर उभा राहतो.

सहा सळया, सळईला पाच कोंबड्या.
मान नाही, नखं नाहीत,
पाय सुतळीने आवळलेले,
फोटो काढताना हात कुठे ठेवावेत
हे न कळलेल्या पाहुण्यासारख्या
अंग चोरून फिरतात.

आधी कातडी बघायची.
रंग सगळीकडे एकसारखा असेल
तर तो डबीतला.
आचेचा रंग कधी एकसारखा नसतो:
छातीवर गूळ, काखेत हळद,
पंखाच्या टोकाला जरासं जळकं.
ते जळकं हवंच.
ज्याला चालत नाही त्याने इडली खावी.

मग तंगडी.
काचेतून हात घालता येत नाही,
घोट्याकडे बघायचं.
उकाड्यात माणसं बाह्या सारतात
तसं मांस हाडावरून वर सरकलं असेल
तर शिजली.
ठिबकणारं पाणी गुलाबी असेल, तर थांबा.
काहीच ठिबकत नसेल
तर थांबू नका, घरी जा.
ती कोंबडी दुपारीच संपली,
आता नुसती फिरतेय.

(तुमच्यासारखी, असं हेमलता म्हणेल.
हेमलताकडे दोनच ग्रेड:
‘बरंय’ आणि ‘खा आता’.)

काउंटरला कैलास दुमाडा, जव्हारचा,
डोक्यावर जाळीची टोपी,
बिल्ल्यावर दीड वर्षं ‘ट्रेनी’.
पहिला महिनाभर त्याला वाटलं
मी वरच्या ऑफिसातून
गुपचूप तपासणीला येतो.
मला बघून तो हातमोजे बदलायचा.
मी खोटं बोललो नाही.
काहीच बोललो नाही.
आपल्याला बघून कुणीतरी हातमोजे बदलतंय,
बरं वाटायचं.

मग एकदा संकष्टी आणि गुरुवार
एकाच दिवशी आले.
तीस कोंबड्या, आणि गिऱ्हाईक मी एकटा.
कैलास काचेवर कोपर टेकून म्हणाला,
‘काका, तुम्ही ऑफिसचे नाही ना?’
‘नाही.’
‘मग सांगा, यातली वाईट कुठली?’

चांगली कुठली, हे सगळेच विचारतात.
वाईट कुठली, असं विचारणारा
मला एकच साहेब भेटला होता,
त्याची तीन महिन्यांत बदली झाली.

मी चष्मा पुसला.
चौथी सळई, डावीकडून दुसरी.
छातीला चीर,
एक पंख सुतळीतून निसटलेला,
दर फेरीला काचेवर वाजतोय,
टक्.
टक्.
एक बाजू कोरडी, एक फिकट.
‘ही,’ म्हटलं. ‘रिजेक्ट.’
किती वर्षांनी तोंडात आला तो शब्द.
चव तशीच होती.

कैलासने तिला फिकट बाजूने
पुन्हा आच दाखवली,
साडेनऊला पिवळं लेबल लावलं, निम्मी किंमत.
मी तोवर तिथेच,
तांदळाच्या पोत्यांपाशी,
बासमतीचे भाव वाचत,
जो आम्ही कधी घेत नाही.

जन्मात पहिल्यांदा
स्वतः नाकारलेला माल
स्वतःच्या पिशवीतून घरी आणला.

हेमलताने लेबल वाचलं.
माझ्याकडे बघितलं.
मग तो निसटलेला पंखच आधी मोडला,
चावला, हाड चोखलं.
मी समोर बसलो,
कानावर पेन्सिल असल्यासारखा.

तिने दुसरा पंख शोधला.
म्हणाली, ‘कांदा चिरा जरा.
आणि लिंबू आहे का बघा.’

ही ग्रेड माझ्या रजिस्टरात नव्हती.
मी कांदा घेतला,
चकत्या पाडल्या,
पातळ, सारख्या,
जवळजवळ सारख्या.