आधी बंद करून बघायचं

घोडपदेवच्या तीन गल्ल्यांना पाणी मी सोडतो.
पहाटे चार चाळीस. लोखंडी चावी खांद्यावर.
झाकण सरकवायचं, खाचेत टोक बसवायचं
आणि अठ्ठावीस आटे.
मोजताना बोलायचं नाही,
हे मला भिवामामांनी पहिल्याच दिवशी शिकवलं.

दुर्वा झोपेत शिट्टी वाजवायची, जन्मल्यापासून.
श्वास आत घेताना बारीक, चिरका आवाज,
नळाला पाणी यायच्या आधी हवा येते तसा.
चाळीत तिला लाडानं कुकर म्हणायचे.
दमा, म्हणाले पहिले डॉक्टर.
दमाच, म्हणाले दुसरे, आणि पंप बदलून दिला.
चार वर्षं वरणभात गाळून भरवला.
एकदा द्राक्षाच्या अर्ध्या फोडीनं ती निळी पडली,
तेव्हा शेजारच्या कॅथरीनबाईंनी उलटी धरून
पाठीत धपाटे घातले.
कांचननं त्यानंतर घरात द्राक्षं आणली नाहीत.

परळला एका शिकाऊ डॉक्टरणीनं
नळ्या कानातून काढून नुसतंच ऐकलं.
बराच वेळ.
म्हणाली, हा दमा नाही.

मग पांढरं औषध, मग मशीनमधले फोटो,
मग मुकादम बाई.
शहनाझ मुकादम हे त्यांचं नाव,
पण पालिकेत पंधरा वर्षं काढलेला माणूस
मुकादम म्हटलं की उभा राहतो.
त्या म्हणाल्या, बसा.
केसपेपरच्या मागं बॉलपेननं काढून दाखवलं:
हृदयातून वर येणारी मोठी लाइन
सगळ्यांची एकीकडे वळते.
हिची दुभंगलेली,
एक कमान उजवीकडून, एक डावीकडून,
मागं जाऊन पुन्हा एक.
मधे, लहान झालेल्या अंगठीत बोट अडकावं तशा,
श्वासाची नळी आणि अन्नाची नळी.
"पोटात असताना सगळ्यांनाच दोन असतात.
एक विरून जाते. हिची विरायची राहिली."

मी विचारलं, मोठी कोणती?
पेन थांबलं.
"उजवी. डावी बारीक आहे, तीच कापणार."
आणि डावीवर कोणाची घरं असतील तर?
कांचननं माझ्या दंडाला चिमटा काढला.
बाई मात्र हसल्या नाहीत.
"कापायच्या आधी चिमटा लावून बंद करते.
मग दोन्ही हातांची नाडी, मानेची, दोन्ही पायांची.
सगळीकडे प्रेशर टिकलं, तरच कापते."
म्हटलं, आम्हीपण तसंच करतो.
आणि सही केली.

बाकावर बसून मला एकच दिसत होतं:
बरगड्यांमधून गेलेला हात,
बंद झालेली लाइन,
आणि वाट बघणं.
चुकीचा वॉल्व्ह बंद केला
की आधी शेवटच्या घराची बादली वाजते.
इथं शेवटचं घर म्हणजे डाव्या पायाचा अंगठा,
ज्याला मी काल नेलपॉलिश लावू दिलं नव्हतं.
(नर्सनं सांगितलं होतं, नखं दिसली पाहिजेत.)
मी मनात आटे मोजले. अठ्ठावीसनंतर पुन्हा एकपासून.
आत कोणी बोलत नसेल, असं धरून चाललो.

तीन तासांनी बाई बाहेर आल्या,
कपाळावर टोपीचा वळ.
"कापली. दोन्ही टोकं शिवली. पाय गरम आहेत."
मग जाता जाता,
"शिट्टी लगेच जाणार नाही हं.
इतकी वर्षं दाबलेली नळी मऊ पडलीय,
तिला ताठ व्हायला वेळ लागेल."

पाच महिने लागले.
कधी थांबली ते नेमकं सांगता येणार नाही.
एका रात्री दचकून उठलो,
तर कांचन आधीच उठून बसलेली,
दुर्वाच्या नाकाखाली बोट धरून.
आम्ही एकमेकांना काही बोललो नाही.
पहाटे मला ड्यूटी होती.

परवा दुर्वानं अख्खी खारी
चहात न बुडवता खाल्ली.
गॅलरीभर चुरा.
कांचन ओरडली तिच्यावर,
खाताना सांडतेस किती म्हणून,
पहिल्यांदाच.